कॉक्सिनेल: ड्रायव्हरच्या साफसफाईसाठी वापरून पाहिलेले साधन
लिनक्स कर्नलच्या 6.11 या आवृत्तीत प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या (कर्नलला आपोआप न सापडणाऱ्या उपकरणांच्या ड्रायव्हरच्या) रिमूव्ह, म्हणजे डिव्हाइस काढताना चालणाऱ्या फंक्शनचा परतीचा प्रकार इंटऐवजी (पूर्णांकाऐवजी) व्हॉइड, म्हणजे काहीच परत न देणारा झाला. हा बदल आवश्यकच होता. फंक्शनने एरर कोड परत दिला तरी कर्नल डिव्हाइस काढून टाकत असे आणि मध्येच परतलेल्या ड्रायव्हरची मेमरी व इंटरप्ट अडकून राहत. मुख्य कर्नलबाहेरचे चाळीसेक ड्रायव्हर या नव्या रूपात आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी कॉक्सिनेल हे सी भाषेतला कोड नियमांनुसार आपोआप बदलणारे साधन वापरले.

फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेत विकसित झालेले हे मुक्त साधन डिफसारख्या (दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या यादीसारख्या) दिसणाऱ्या नियमांवर चालते. वजा खुणेची ओळ निघते, अधिक खुणेची येते, आणि तीन टिंबे लिहिली की मधला कोणताही कोड चालतो. ते नुसता मजकूर न पाहता सी भाषेची रचना ओळखत असल्यामुळे, ड्रायव्हरच्या स्ट्रक्टमध्ये (त्याची फंक्शने नोंदवणाऱ्या रचनेत) रिमूव्ह म्हणून नोंदवलेल्याच फंक्शनमधले 'रिटर्न झिरो' बदलले गेले आणि शेजारच्या, डिव्हाइस सुरू करणाऱ्या प्रोब फंक्शनला धक्काही लागला नाही. टिप्पण्या जागच्या जागी राहिल्या, हे मला विशेष आवडले.

तरीही बिल्ड फुटला, म्हणजे कोड कंपाइल झाला नाही. एका ड्रायव्हरमध्ये शटडाउन फंक्शन रिमूव्हलाच बोलावून त्याची परत आलेली किंमत तपासत होते, त्यामुळे जीसीसी या कंपायलरने 'व्हॉइड व्हॅल्यू नॉट इग्नोर्ड ॲज इट ऑट टू बी' (नसलेली किंमत वापरली) अशी एरर दिली. ती तपासणी काढताच ती मिटली.

दुसरी एरर अधिक शिकवणारी होती. स्ट्रक्ट एका फाइलमध्ये आणि रिमूव्हची व्याख्या दुसऱ्या, पीसीआय या जोडणीवरच्या उपकरणाच्या ड्रायव्हरलाही लागणाऱ्या सामाईक फाइलमध्ये होती. कॉक्सिनेल एका वेळी एकच सी फाइल तपासत असल्याने माझा नियम तिथे जुळलाच नाही, आणि जुळला नाही हे त्याने सांगितलेही नाही. फंक्शन इंटच राहिले, स्ट्रक्टला व्हॉइड हवे होते, आणि पॉइंटरचे प्रकार जुळत नसल्याची एरर आली. सामाईक फंक्शनला हात न लावता, त्याला बोलावणारे व्हॉइड प्रकाराचे छोटे स्टॅटिक (त्याच फाइलपुरते) फंक्शन प्लॅटफॉर्मच्या फाइलमध्ये लिहून मी ती सोडवली. हा ड्रायव्हर केवळ आर्म आर्किटेक्चरसाठी बांधला जात असल्यामुळे माझ्या एक्स86 यंत्रावरच्या ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सर्व ड्रायव्हर बांधणाऱ्या) बिल्डमध्ये तो आलाच नव्हता. आर्मसाठी कोड बांधणारा क्रॉस कंपायलर चालवल्यावरच चूक उघडी पडली.

जे जुळले नाही ते गुपचूप सोडून देणे ही माझी या साधनाबद्दलची एकमेव गंभीर तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणून आता मी पॅच (बदलांची फाइल) तयार करण्याआधी तोच नियम फक्त शोधण्यासाठी चालवतो, सापडलेल्या फाइलींची यादी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या साधनाने काढलेल्या यादीशी ताडून पाहतो आणि उरलेल्या फाइली स्वतः वाचतो. एवढी तयारी ठेवणाऱ्याने चार-पाचपेक्षा अधिक ड्रायव्हरमध्ये एकच बदल करायचा असल्यास कॉक्सिनेल जरूर वापरावे. एखाद-दुसऱ्या फाइलसाठी मात्र नियम लिहिण्यातच जास्त वेळ जाईल.