डबा हलका होता आणि मी गप्प बसलो

तांब्याचं अँटीफाउलिंग म्हणजे बोटीच्या तळाला शेवाळ आणि जीव चिकटू नयेत म्हणून लावायचा रंग. त्याचा 1 लिटरचा डबा हातात घेतला की मनगट खाली जायला हवं. त्यातलं क्युप्रस ऑक्साइड पाण्याच्या सहापट जड असतं, त्यामुळे असा लिटरभर रंग दीड ते दोन किलो भरतो. "जरा धरा हो, झाकण उघडतो" म्हणून बोट रंगवायला आलेल्या माणसानं माझ्या हातात दिलेला डबा सव्वा किलोच्या वर नव्हता. ऑइलपेंटचा भरतो तेवढाच. हाताला कळलं होतं, पण तोंड उघडलं नाही. वर झाकण उघडायला मदतही केली.

हिशोब सांगतो, म्हणजे हसायला सोपं जाईल. 4 मीटरची रिब, म्हणजे टणक तळाची आणि कडेला फुगणाऱ्या ट्यूबची बोट: फायबरचा तळ, पीव्हीसीच्या ट्यूब. बिलात 4 लिटर रंग, 2 हात, आणि पुढच्या सहा महिन्यांत पाण्याखालच्या 6 सफाया. 70 टक्के आगाऊ, उरलेले 30 टक्के रंग सुकल्यावर. म्हणजे बोट पाण्याला लागायच्या आत पूर्ण पैसे गेले, न झालेल्या सहा सफायांचेही.

आता 4 लिटर. एवढ्या बोटीचा पाण्यात राहणारा तळ साधारण साडेतीन चौरस मीटर, मागच्या बाजूला ट्यूब बुडतात ते पट्टे आणि ट्रान्सम (इंजिन टांगतात ती मागची उभी फळी) धरून फार तर पाच. एका लिटरमध्ये एक हात सुमारे 10 चौरस मीटरला पुरतो. दोन हातांना 1 लिटर लागतो. सांडलवंड, रोलरनं प्यायलेला, मागच्या कडेला जादाचा तिसरा हात, असं सगळं धरलं तरी दीड. हे गणित मला येतं. रंगवण्याच्या दिवशी मी ते केलं नाही, कारण समोरचा माणूस "इरोडिंग", "वॉटरलाइन", "फिल्म जाडी" असे शब्द बिनचूक वापरत होता. शब्द बरोबर आले की आपण डबे मोजत नाही.

माझ्या बाजूनं एवढंच म्हणेन की डब्यावरचं लेबल खरं होतं. फसवणूक तिथेच असते. रिकामे खरे डबे आणि आत साधं इनॅमल. झाकणाच्या खोबणीत आधीच वाळलेल्या रंगाची कड होती, म्हणजे डबा एकदा उघडून परत ठोकलेला. तेही पाहिलं. तांब्याचा रंग उभा राहिला की तळाशी घट्ट गाळ बसतो. काठी तळाला टेकवून पाच-दहा मिनिटं खरवडून ढवळावं लागतं. याची काठी पहिल्याच फेरीत मोकळी फिरली. आणि सुकल्यावर बोट चमकत होती. अँटीफाउलिंग बहुतेक मंद, खडूसारखं दिसतं, तळाला आरशासारखी चकाकी आली तर शंका घ्या. मी काय केलं? फोटो काढले आणि उरलेले 30 टक्के दिले.

ट्यूबची गोष्ट वेगळी आणि वाईट. फुगणाऱ्या ट्यूबला कडक रंग चालतच नाही. ट्यूब उन्हात ताणते, रात्री सैल पडते, कडक थर भेगाळून पापुद्रे सुटतात. तिला लवचीक, इन्फ्लेटेबलसाठी (फुगणाऱ्या बोटींसाठी) म्हणून बनवलेलाच रंग लागतो, आणि तो ट्यूब पूर्ण दाबावर फुगवूनच (बहुतेक रिबना 0.2 ते 0.25 बार, पण आपल्या बोटीच्या प्लेटवरचा आकडा पाहा) लावायचा. सैल ट्यूबवर लावला तर फुगवताच तडकतो. रोज हवा काढून गुंडाळून ठेवत असाल तर रंगाच्या भानगडीत पडूच नका. तशा बोटीला त्याची गरज नसते.

शिवाय त्यानं पीव्हीसी पुसायला थिनर वापरलं. थिनर, ॲसिटोन, टोल्युइन यांनी पीव्हीसी मऊ पडतं, शिवणीचा गोंद सुटतो. आणि पीव्हीसीला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर वर येऊन इनॅमलला कायम चिकट ठेवतो. ट्यूब पीव्हीसीची की हायपलॉनची (कृत्रिम रबराची) हे माहीत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर हलकेच घासा. हायपलॉनची रंगीत भुकटी निघते, पीव्हीसीची जवळपास निघत नाही. हे न विचारता जो कामाला लागतो त्याला तिथेच थांबवा.

पाचव्या आठवड्यात बोट प्लेनवर येईना, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून घसरेना. उबदार पाण्यात क्रम ठरलेला असतो. आधी बुळबुळीत थर, मग हिरवं शेवाळ, मग बार्नॅकल, म्हणजे टणक कवचाचे चिकटून राहणारे जीव. बार्नॅकलची अळी जागा चाचपत फिरते आणि एकदा डोकं टेकवून सिमेंट सोडलं की जन्मभर हलत नाही. मागच्या कडा, ट्रान्समचा खालचा कोपरा, पाणी काढायची भोकं, ट्यूब आणि तळ यांच्यामधली चीर, या जागा पहिल्या जातात. रंग तिथेच सर्वांत पातळ लागलेला असतो.

सफाईचे फोटो मात्र वेळेवर येत होते. दोन वेळा, पाण्याखालचे, स्वच्छ, सुंदर. ट्रान्सम ब्रॅकेटच्या खालचा ॲनोड (इंजिनाचा धातू वाचवायला लावलेला तुकडा) उघडा, करडा, खडबडीत. माझ्या ॲनोडवर त्याच माणसानं लाल रंग फासला होता. ॲनोड झिजण्यासाठीच असतो. त्याला रंग दिला की तो मेला आणि त्याच्याऐवजी इंजिनाचा पाण्यातला पाय झिजू लागतो. तर लाल ॲनोडच्या बोटीचा करडा ॲनोडवाला फोटो मी दोनदा पाहिला, दोनदा अंगठा दाखवून "छान" असं उत्तर पाठवलं. दुसऱ्याच्या बोटीचे फोटो होते. सफाईचा फोटो मागायचा तर बोटीचा नंबर, तारखेचा कागद आणि तळ एकाच चौकटीत मागा, आणि पैसे दर सफाईमागे द्या. सहांचे एकदम कधीच नाहीत.

ॲल्युमिनियमच्या तळाला किंवा इंजिनाच्या पायाला क्युप्रस ऑक्साइडचा रंग कोणी लावू म्हणाला तर रोलर हातातून काढून घ्या, धातूला भोकं पडतात. पाण्याची खोली मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरलाही साधा रंग नको.

आणखी एक आमिष दाखवलं जातं आणि ते ऐकून मान डोलवली याची मला जास्त लाज वाटते. "तुमच्यासाठी जुना टिनवाला माल आहे, हल्ली मिळत नाही." टीबीटी, म्हणजे ट्रायब्युटिलटिन हे टिनचं विष, बार्नॅकलवर चालायचं हे खरं. पण त्यानं शिंपल्यांची वाट लावली, माद्या गोगलगायींना नराचे अवयव फुटू लागले, फ्रान्सनं 1982 मध्येच 25 मीटरखालच्या बोटींवर ते थांबवलं, आणि 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारानं 2008 पासून सगळ्याच जहाजांवर बंद केलं. म्हणजे असा माल खरा असेल तर गुन्हा, खोटा असेल तर ऑइलपेंट. माझा खोटा निघाला, हे त्यातल्या त्यात नशीब.

तक्रारीचं ऐका. बंदराच्या कचेरीत म्हणाले, तो आमचा माणूस नाही. पण तो रोज त्यांच्याच धक्क्यावरून, त्यांच्याच नळाला पाइप लावून काम करतो. पोलीस म्हणाले, काम झालंय ना, रंग लावलाय ना, मग हा दिवाणी वाद. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ज्या कंपनीचं लेबल होतं तिथे फोटो पाठवले. उत्तर आलं की बॅच नंबर खरा आहे, तरी उरलेला रंग पाठवा. उरलेला रंग तो "घातक कचरा आहे, मी नेतो" म्हणून घेऊन गेला होता. किती जबाबदार माणूस! परत कचेरीत गेलो तर लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं, तर साहेब रजेवर. साहेब आले तेव्हा बोट बाहेर काढली आहे म्हणून "आता पाहणी कशाची करायची?" पाण्यात ठेवली असती तर "बाहेर काढून आणा" म्हणाले असते. चार दारं फिरलो आणि प्रत्येकानं पाचवं दाखवलं. रंग उघडताना अर्धा कप बाटलीत बाजूला काढा, तारीख घाला, झाकण लावा. माझ्याकडे ती बाटली असती तर निदान एक दार तरी उघडलं असतं.

बोट बाहेर काढताच ओली असतानाच धुवा, तासाभरानं नव्हे. सुकलं की शेवाळ चामड्यासारखं होतं. ट्यूब टणक फुगवलेली ठेवा, प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी आडवी धरून बार्नॅकल मुळातून सरकवा. लोखंडी पटाशीनं एक बार्नॅकल जातो आणि ट्यूबच्या कापडाला चीर राहते. खाली जी पांढरी गोल खूण उरते ती चुन्याची असते. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेलं फडकं त्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घासा, भरपूर गोड्या पाण्यानं धुवा. आधी कोपऱ्यात करून पाहा. जोरदार आम्लं नकोत, आणि आम्लाबरोबर ब्लीच तर कधीच नाही, क्लोरीन सुटतो. प्रेशर वॉशर शिवणीच्या दिशेनं तिरका मारला तर पट्टी उचकटते. चकाकीसाठी सिलिकॉनचा स्प्रे मारलेल्या ट्यूबवर पुढे ना रंग धरतो ना ठिगळ.

पाण्याखाली फडकं मारायचं तर मऊ, आणि झिजत औषध सोडणाऱ्या रंगावर फार कमी वेळा. जोरात घासलं की औषधच पाण्यात जातं, आणि पुष्कळ बंदरांत त्याला मनाई असते. लहान बोटीला सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे ती वापरून झाली की पाण्याबाहेर उचलणं. डेव्हिटवर (बोट टांगायच्या हातांवर), तरंगत्या लिफ्टवर, कशावरही. चार दिवस उन्हात राहिली तर बारीक जीव मरतात.

तळाचं इनॅमल खरवडून निघालं. ट्यूबवरचं निघत नाही. जे थिनर ते काढील तेच पीव्हीसी खाईल. डाव्या ट्यूबवर मागच्या बाजूला वीतभर पट्टा अजून चिकट आहे. टाल्कम पावडर थापून ठेवतो. दर दोन दिवसांनी त्यावर नवी वाळू, एखादं पीस आणि माझ्याच हाताचा ठसा चिकटलेला असतो.