पहिल्या वीकेंडचा गल्ला कुठे बघावा? बॉक्स ऑफिस मोजो आणि द नंबर्स

साय-फायचा मोठा सिनेमा लागला की त्याचं परीक्षण वाचण्याआधी मी त्याचा आकडा बघते. ‘तुला काय त्यातले पैसे मिळणार आहेत?’ असं विचारणारे भेटतातच. पैसे मिळत नाहीत, पण पुढचा भाग मिळतो किंवा हातचा जातो. ‘ड्यून’ २०२१ मध्ये २२ ऑक्टोबरला अमेरिकेत लागला, तोही त्याच वेळी एचबीओ मॅक्सवर घरबसल्या बघता येत असताना. गोष्ट अर्ध्यावर थांबलेली आणि दुसऱ्या भागाला तोवर मंजुरी नव्हती. पहिल्या तीन दिवसांत ४ कोटी १० लाख डॉलर जमले आणि लगेच मंगळवारी, २६ तारखेला, दुसरा भाग जाहीर झाला. ज्यांनी तो वीकेंड आकड्यांवर डोळे लावून काढला, त्यांना या नादाचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

हे आकडे बघायला दोन चांगली संकेतस्थळं आहेत, बॉक्स ऑफिस मोजो आणि द नंबर्स. दोन्ही फुकट. मी दोन्ही वापरते, पण वेगवेगळ्या कामासाठी. नव्याने नाद लागलेले लोक यातलं एक काहीतरी उघडतात, सगळ्यात वरचा मोठा आकडा बघतात आणि बंद करतात. तिथे खरा माल खालच्या बारीक रकान्यांत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मोजोचं नाव जास्त चलनात आहे. ब्रँडन ग्रे यांनी ते १९९८ मध्ये सुरू केलं आणि २००८ मध्ये ते आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळाकडे, म्हणजे पर्यायाने अ‍ॅमेझॉनकडे गेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये एक दिवस ते अचानक नाहीसं झालं. पत्ता टाकला की आयएमडीबीच उघडायचं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं, पण इतक्या वर्षांचे आकडे एका मालकाच्या हातात आहेत म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मग २०१९ मध्ये रूप पालटलं आणि आधी सगळ्यांना खुली असलेली बरीच माहिती आयएमडीबी प्रोच्या पैसे भरायच्या भागात गेली. जुन्या वापरकर्त्यांना त्याचं अजून वाईट वाटतं, मलाही वाटतं. तरीही फुकटात जे उरलंय ते भरपूर आहे.

मोजोची ताकद दिवसवार तक्त्यात आहे. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द फोर्स अवेकन्स’ घ्या. डिसेंबर २०१५, शुक्रवार ११ कोटी ९१ लाख डॉलर, शनिवार ६ कोटी ८३ लाख, रविवार ६ कोटी ५ लाख. शनिवारच्या ओळीत आदल्या दिवसापेक्षा ४३ टक्क्यांची घट दिसते आणि नवखा माणूस इथे घाबरतो, की एका दिवसात निम्मे लोक आटले की काय! तसं काही झालेलं नसतं. सिनेमा शुक्रवारी लागण्याआधी, गुरुवारी संध्याकाळी जे आधीचे खेळ होतात त्यांची कमाई शुक्रवारात मिळवली जाते. या सिनेमाची ती एकट्या गुरुवारची कमाई ५ कोटी ७० लाख होती. ती वजा केली की शुक्रवारचे उरतात साधारण ६ कोटी २१ लाख, आणि मग दिसतं की शनिवारी गल्ला दहा टक्क्यांनी वाढलाच आहे. साय-फायच्या बाबतीत ही वजाबाकी केल्याशिवाय काहीही बोलू नये. आपण चाहते पहिल्याच रात्री जाऊन बसतो, त्यामुळे आपला शुक्रवार नेहमी फुगलेला असतो. खरी परीक्षा शनिवारी, जेव्हा कोणाचेही चाहते नसलेले लोक, पोराबाळांसकट, तिकीट काढतात. द नंबर्सच्या दिवसवार तक्त्यात बऱ्याच मोठ्या सिनेमांना या आधीच्या खेळांची ओळ वेगळी दिलेली असते. मोजोवर ती बेरीज आपल्यालाच फोडावी लागते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी शुक्रवार-शनिवारी आधी द नंबर्स उघडते.

दोन्हीकडे आणखी एक रकाना आहे, ज्याच्याकडे कोणी बघत नाही: दर थिएटरमागची सरासरी. ‘ब्लेड रनर २०४९’ ऑक्टोबर २०१७ मध्ये ४,०५८ थिएटरांत लागला, तीन दिवसांचे ३ कोटी २७ लाख डॉलर, म्हणजे दर थिएटरमागे आठ हजारांच्या आसपास. ‘ड्यून’चा दुसरा भाग मार्च २०२४ मध्ये ४,०७१ थिएटरांत लागला, ८ कोटी २५ लाख, म्हणजे दर थिएटरमागे वीस हजारांहून जास्त. दिग्दर्शक एकच, डेनी व्हिलनव्ह. थिएटरंही जवळपास तेवढीच. आठ हजार आणि वीस हजार हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘२०४९’च्या वेळी ती दालनं किती रिकामी असतील ते डोळ्यांसमोर येतं. ‘२०४९’ माझा अतिशय लाडका सिनेमा आहे. सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या रात्री थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून श्रेणी घेते, तिथेही त्याला ‘ए मायनस’ मिळाली होती. म्हणजे जे गेले त्यांना आवडला. जाणारेच कमी होते. हा फरक सरासरीच्या रकान्याइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही.

आता रविवारबद्दल. रविवारी सकाळी अमेरिकेत जो आकडा सगळीकडे छापून येतो तो स्टुडिओंनी दिलेला अंदाज असतो. शुक्रवार आणि शनिवारचा हिशेब हातात असतो, रविवारचे खेळ मात्र व्हायचे असतात. तेव्हा तशाच सिनेमांचे रविवार आधी कसे गेले ते बघून तो दिवस धरला जातो. पक्का आकडा सोमवारी येतो. बऱ्याचदा फरक किरकोळ असतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पण जून २०१५ मधला ‘जुरासिक वर्ल्ड’चा वीकेंड आठवा. तेव्हाचा विक्रम ‘द अ‍ॅव्हेंजर्स’चा, २० कोटी ७४ लाख डॉलर. रविवारचा अंदाज आला २० कोटी ४६ लाख. म्हणजे दुसरा क्रमांक, विक्रम थोडक्यात हुकला, अशा बातम्या झाल्या. सोमवारी पक्का आकडा आला २० कोटी ८८ लाख! विक्रम मोडला होता, आणि रविवारभर तो मोडला नाही म्हणून हळहळणारे लोक सोमवारी नाचत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द फोर्स अवेकन्स’चा अंदाज २३ कोटी ८० लाख होता आणि पक्का आकडा जवळपास २४ कोटी ८० लाख निघाला. एक कोटी डॉलरचा फरक! ‘अवतार’चंही २००९ मध्ये असंच झालं होतं. त्या वीकेंडला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिमवादळ होतं, अंदाज ७ कोटी ३० लाखांचा आला, सोमवारी तो ७ कोटी ७० लाख झाला.

म्हणून रविवारच्या आकड्यावर वाद घालणाऱ्यांना मी एकच सांगते, सोमवार संध्याकाळपर्यंत थांबा. दोन्ही ठिकाणी पक्के आकडे चढतात, आणि ते नीट तपासलेले असतात, याबद्दल माझी काही तक्रार नाही. आकडे लवकर देण्याच्या नादात भलतंच काही छापणारी ॲप मात्र बरीच झाली आहेत. त्यातल्या एकाने शनिवारी सकाळीच मला तीन दिवसांचा आकडा पाठवला, तोही शेवटच्या डॉलरपर्यंत. रविवार उजाडायचा होता आणि याच्याकडे रविवारची सुटी नाणीसुद्धा मोजून तयार! ते मी त्याच दिवशी काढून टाकलं. ज्याच्याकडे ‘अंदाज’ हा शब्द लिहायची तयारी नाही, त्याचे आकडे वाचू नयेत.

द नंबर्स हे मोजोपेक्षाही जुनं, ब्रूस नॅश यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं. दिसायला साधं, थोडं कोंदट म्हणा, फोनवर तक्ते आडवे सरकवावे लागतात आणि डोळे दुखतात. पण सिनेमाच्या पानावर जी माहिती एका जागी मिळते ती बघून मी सगळं माफ करते. निर्मितीखर्च, महागाईचा हिशेब धरून कमाईची आजची किंमत, एकूण कमाईत पहिल्या वीकेंडचा वाटा किती टक्के, आणि माझा सगळ्यात आवडता आकडा: एकूण देशांतर्गत कमाई भागिले सर्वांत मोठा वीकेंड. सिनेमा किती लांब चालला ते या एका आकड्यात कळतं. (देशांतर्गत म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून, हे लक्षात ठेवा.)

साय-फायवाल्यांनी हा आकडा पाठ करावा. ‘द मॅट्रिक्स’ १९९९ मध्ये पहिल्या वीकेंडला २ कोटी ७८ लाखांवर होता आणि शेवटी १७ कोटींच्या पुढे गेला, म्हणजे सहापटींहून जास्त. ‘अवतार’ची पहिल्या वेळची कमाई ७५ कोटींच्या घरात, म्हणजे साडेनऊपटींच्याही वर. ‘२०४९’ तीनपटींपर्यंतही पोचला नाही. ‘अवतार’चा दुसरा वीकेंड ७ कोटी ५६ लाखांचा होता, पहिल्यापेक्षा दोन टक्केसुद्धा कमी नाही. मोठे सिनेमे दुसऱ्या वीकेंडला सहज निम्म्यावर येतात, तिथे हे! पहिल्या रविवारी हिमवादळातल्या कमाईचा तो अंदाज वाचून ‘एवढ्या खर्चाला हे काय पुरणार’ म्हणणारे कितीतरी होते. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, फक्त एका आठवड्याने अपुरा होता.

निर्मितीखर्चाच्या रकान्याबद्दल मात्र सावध राहा, दोन्हीकडे. तो बाहेर सांगितला गेलेला किंवा अंदाजाने धरलेला आकडा असतो, जाहिरातीचा खर्च त्यात नसतो. आणि गल्ल्यातली सगळी रक्कम स्टुडिओला जात नाही, अमेरिकेत ढोबळमानाने निम्मी थिएटरवाल्यांची, चीनमध्ये तर स्टुडिओच्या हाती पाव हिस्साच. तेव्हा खर्च आणि कमाई शेजारी बघून ‘नफा झाला’ म्हणणं सोडून द्यावं. या दोन्ही ठिकाणी हे पानावरच ठळक लिहिलेलं असतं तर निम्मी भांडणं कमी झाली असती.

जगभरच्या पहिल्या वीकेंडचा आकडा तर मी बघतच नाही. वेगवेगळ्या देशांत सिनेमा वेगवेगळ्या दिवशी लागतो, कुठे बुधवारी, कुठे दोन आठवड्यांनी. ती बेरीज कशाशीच ताडून बघता येत नाही.

मोजो जिथे पुढे आहे ती जागा म्हणजे जुने सिनेमे आणि त्यांची पुन्हा झालेली प्रदर्शनं. ‘स्टार वॉर्स’ उघडून बघाच. मे १९७७ मधला पहिला वीकेंड: ४३ थिएटरं आणि साडेपंधरा लाख डॉलर. खाली उतरलं की जानेवारी १९९७ अखेरची विशेष आवृत्ती भेटते: तोच सिनेमा, दोन हजारांहून जास्त थिएटरं, तीन दिवसांत ३ कोटी ५९ लाख. वीस वर्षं जुना, सगळ्यांना पाठ असलेला सिनेमा! प्रत्येक प्रदर्शनाची ओळ वेगळी ठेवल्यामुळे मूळची कमाई कुठली आणि नंतरची कुठली ते लगेच कळतं. ‘अवतार’ने २०२१ मध्ये चीनमधल्या पुनःप्रदर्शनामुळे ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ला मागे टाकून कमाईतला जगातला पहिला क्रमांक परत मिळवला, तेव्हा त्यावरून बरीच हमरीतुमरी झाली. ही ओळींची मांडणी समोर ठेवली की वाद कशाबद्दल आहे तेवढं तरी स्पष्ट होतं. संदर्भ म्हणून मी मोजोलाच पहिला मान देते.

एकूण माझा क्रम असा बसलाय. गुरुवार रात्रीचे आणि शुक्रवारचे आकडे द नंबर्सवर, आधीच्या खेळांची ओळ वेगळी दिसते म्हणून. सोमवारी पक्का आकडा मोजोवर, दिवसवार तक्ता वाचायला सोपा म्हणून. दुसऱ्या वीकेंडची घसरण कुठेही बघा, पण बघाच. पहिल्या तीन दिवसांनी चाहते किती आहेत ते कळतं आणि दुसऱ्या तीन दिवसांनी इतरांना सिनेमा आवडला का ते. नंतर महिन्याभराने द नंबर्सवर पटीचा आकडा. पैसे भरून प्रो घ्यावं का, असं विचाराल तर केवळ चाहत्याला त्याची गरज नाही.

मला दोन्हींकडून एक गोष्ट हवी आहे, आणि ती त्यांच्याकडे नक्की असते. सोमवारी पक्का आकडा चढला की तक्त्यातल्या त्या जागेवरून रविवारचा अंदाज पुसला जातो. ‘जुरासिक वर्ल्ड’चं पान आज उघडलं तर त्याचा विक्रम एक दिवस हुकलेला होता याची त्या तक्त्यात खूणही सापडत नाही, जुन्या बातम्या उकराव्या लागतात. शेजारी एक बारीक रकाना, ‘रविवारचा अंदाज’, एवढंच पाहिजे. कोणता स्टुडिओ नेहमी कमी सांगतो, कोण नेहमी चढवून सांगतो, हे वर्षभरात कोणालाही दिसेल. तोवर मोठा साय-फाय लागला की रविवारी मी ते पान उतरवून ठेवते आणि सोमवारचा आकडा त्याच्या शेजारी स्वतः लिहिते.