मन मेंदूत उतरवायचं का? प्रबंधासाठी भूमिका निवडताना

पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. करणाऱ्यांना आणि पाषाणला आयसरमध्ये जीवशास्त्र शिकणाऱ्यांना हा प्रश्न कधीतरी गाठतोच: मन म्हणजे शेवटी मेंदूच का? प्रबंधासाठी भूमिका ठरवायची असेल, तर आधी ती पानशेत धरणफुटीवर घासून बघा: तिचं कारण कुठल्या पातळीवर सांगायचं?

१२ जुलै १९६१. मातीचं धरण, काम अपुरं, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठलेलं. धरण का फुटलं?

रिडक्शनिझमचं म्हणणं असं, की मातीचे कण आणि पाण्याचा दाब यांचा पूर्ण हिशेब मांडला की सांगायचं काही उरत नाही. योगायोगाने त्याच वर्षी तत्त्वज्ञ अर्नेस्ट नेगेल यांनी याची काटेकोर अट मांडली. वरच्या शास्त्राचे नियम खालच्या शास्त्रातून निघायला हवेत आणि दोन्हींच्या संज्ञा जोडणारे दुवे हवेत. वायूचं तापमान आणि रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा यांच्या बाबतीत हे सुंदर जमतं. संवेदना म्हणजे मेंदूतली प्रक्रियाच, असं तत्त्वज्ञ प्लेस यांनी १९५६ मध्ये आणि स्मार्ट यांनी १९५९ मध्ये म्हटलं, ते याच धाटणीचं.

दुसरी वाट फंक्शनलिझमची, म्हणजे मनाची अवस्था ती कशाची बनली यावरून नव्हे, तर ती काय काम करते यावरून ओळखण्याची. तत्त्वज्ञ पटनम यांनी १९६७ मध्ये विचारलं: ऑक्टोपसलाही वेदना होत असेल, तर वेदना म्हणजे आपल्या मेंदूची एक ठराविक अवस्था कशी? इथे पानशेत फार उपयोगी पडतं. ‘अपुऱ्या धरणात पाणी साठवलं’ हे कारण दुसऱ्या मातीच्या, दुसऱ्या नदीवरच्या धरणालाही लागू होतं. कणांचा हिशेब त्या एकाच धरणाचा. शिवाय पुढचं धरण वाचवायचं तर हाताशी हेच कारण हवं.

मात्र याच वाटेवर तत्त्वज्ञ जेग्वॉन किम यांचा आक्षेप उभा आहे. प्रत्येक कण दुसऱ्या कणानेच ढकलला असेल, तर पाणी साठवण्याच्या निर्णयाने नेमकं केलं काय? याला पक्कं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि ते टाळून लिहिलेला प्रबंध मी स्वीकारणार नाही.

तिसरी इमर्जन्सची, म्हणजे घटक एकत्र आल्यावर त्यांच्यात नसलेला गुण उपजण्याची. भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांनी १९७२ मध्ये भौतिकशास्त्रातून तिची बाजू मांडली. आपल्याकडे चार्वाकांचा दाखला त्याहून कितीतरी जुना: किण्वातून (आंबवण्याच्या द्रव्यातून) मादकता उपजते, तसं पृथ्वी, पाणी अशा महाभूतांतून चैतन्य. दाखला मला फार आवडतो, पण तोच सावध करतो. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि ते चेतापेशींवर काम करतं, हे आज रसायनशास्त्र सांगतं. जे नवं उपजलेलं वाटलं, त्यातलं बरंच खाली उतरवता आलं.

द्वैतवाद, म्हणजे मन आणि शरीर वेगळी ही भूमिका घ्यायची तर १९९५ चा तत्त्वज्ञ चामर्स यांचा ‘अवघड प्रश्न’ वाचून घ्या: मेंदूतल्या प्रक्रियेसोबत अनुभव असतोच का?

माझा कौल दुसऱ्या वाटेला, फंक्शनलिझमला. प्रयोगशाळेत काम करणार असाल, तर पद्धत म्हणून पहिली, रिडक्शनिझमची, बिनधास्त वापरा. चेतापेशींपर्यंत उतरल्याशिवाय भूल कशी लागते हे कळणार नाही. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मात्र किम यांच्यापासून सुरू करा.