चिल्का बघायचंय, पण कुठल्या काठानं? सातपाडा की मंगलाजोडी

पुरी-भुवनेश्वरचं तिकीट काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला: चिल्का कुठून बघायचं? सरोवर एकच, पण ते ११०० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, पावसाळ्यात फुगणारं आणि उन्हाळ्यात आकसणारं. पुरी, खुर्दा आणि गंजाम या तिन्ही जिल्ह्यांत त्याचा काठ आहे. त्यामुळे ‘चिल्का बघून आलो’ म्हणणारे दोघं जण दोन अगदी वेगळ्या जागा बघून आलेले असू शकतात. माझं दोन्हीकडे जाणं झालं, एकदा सहकुटुंब सातपाड्याला आणि पुढच्या खेपेला जानेवारीत मंगलाजोडीला. दोन्ही वेळा बाबा बरोबर होते. वय वर्षं एकाहत्तर, आणि मत लगेच देतात.

बारकुल आणि रंभा या आणखी दोन जागा आहेत. कालीजाईच्या देवळाला जायचं असेल तर बारकुल-बालुगाव बरं, आणि मकरसंक्रांतीला तिथे जत्रा भरते. पण निवड बहुतेकांची शेवटी सातपाडा की मंगलाजोडी अशीच होते, म्हणून तेवढ्यावरच बोलतो.

सातपाडा सोयीचं आहे, यात वाद नाही. पुरीहून पन्नासेक किलोमीटर. सकाळी निघून जगन्नाथाच्या संध्याकाळच्या दर्शनाला परत. समुद्र, वाळू, डॉल्फिन, लाल खेकडे, सगळं एका फेरीत. सरोवर समुद्राला मिळतं ती जागा याच बाजूला, आणि राजहंसची वाळूची पट्टी तर खरंच सुंदर आहे. एका हाताला खाडीचं शांत पाणी, दुसऱ्या हाताला बंगालच्या उपसागराच्या लाटा, मधे चालायला वाळू. आपल्या देवबागच्या संगमावर उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त अंतरं दहापट.

त्या मुखाची कथा बोटवाल्यांकडून ऐकण्यासारखी आहे. किनाऱ्याला समांतर वाहत येणारी वाळू मुख बुजवत गेली, खारं पाणी आत येईना, सरोवर गोडं होत गेलं, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी आटली. १९८१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत, आलेलं हे सरोवर १९९३ मध्ये त्याच कराराच्या धोक्यातल्या स्थळांच्या नोंदीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये माणसांनी नवं मुख खणलं. मासळी परतली आणि २००२ मध्ये चिल्का त्या नोंदीतून बाहेर आलं. पुढे २०१९ च्या फनी वादळानं आणखी मुखं फोडली, तेव्हा नकाशावर फार विसंबू नका. जवळच माणिकपाटणा आहे. १८०३ मध्ये इंग्रजांची फौज गंजामकडून याच वाटेनं पुरीत शिरली आणि नागपूरकर भोसल्यांचा ओडिशातला अर्ध्या शतकाचा अंमल संपला. तिथून जाताना बाबांनी हे इतक्या हळहळीनं सांगितलं, की जणू घरचीच जमीन गेली.

आता डॉल्फिनबद्दल. इथला इरावडी डॉल्फिन तारकर्ली-हर्णैच्या डॉल्फिनसारखा नाही. त्याला लांब चोच नसते. डोकं गोल, पाठीवर छोटासा पर. तो सहसा उड्या मारत नाही. पाण्यावर राखाडी पाठ दिसते, बुडते, संपलं. संपूर्ण चिल्कात ते दीडशेच्या घरात असतील, तरी सातपाड्याला दिसण्याची शक्यता चांगली आहे. आम्हाला तीनदा दिसले.

आणि इथेच माझं गाडं अडलं. इंजिन.

सातपाड्याच्या बोटी डिझेलवर चालतात. लाकडी बोट, वर ताडपत्रीचं छप्पर, आणि मागे उघडं इंजिन जे अखंड डुगडुगत असतं. शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायला तिच्या कानाशी तोंड न्यावं लागत होतं. नावाड्याला थांब सांगायचं तर उठून मागे जाऊन त्याच्या खांद्यावर थाप मारायची. डिझेलचा वास नाकात आणि पाट्यातून येणारी थरथर दातांत. मी म्हटलं, असू दे, सवय होईल. तासाभरानं एका जागी नावाड्यानं बोट दाखवलं आणि इंजिन बंद केलं. एकदम कानात पोकळी झाली. पाण्याची चुळचुळ ऐकू आली. मग डाव्या हाताला, वीसेक फुटांवर, ‘फूऽऽ’ असा लांब उसासा. डॉल्फिननं श्वास सोडला होता. दिसला तो नंतर, आधी ऐकू आला. सगळ्या सहलीतली ती सर्वांत मोठी गोष्ट, आणि ती जेमतेम दोन मिनिटं टिकली. कारण आम्ही थांबलेलो बघून चार बोटी डुगडुगत आमच्याकडे वळल्या. त्यांतल्या एकीत स्पीकर होता. डॉल्फिन गेला. आमच्या नावाड्यानंही इंजिन चालू करून तो गेला त्या दिशेला बोट घातली. त्याला दोष देत नाही. गिऱ्हाइकानं डॉल्फिन बघितला नाही तर तो परत येऊन भांडतो, हे त्याला माहीत आहे. पण त्या पाठलागात मला राहवेना. ज्याला बघायला आलो त्यालाच आपण पळवतोय, आणि वर त्याचे पैसे देतोय.

बाकीचे उपद्रव सोसण्याजोगे आहेत. बेटावर शिंपला फोडून मोती काढून दाखवणारे भेटतात. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर मोती निघतोच, यावरून काय ते समजा. खेकडे आणि कोळंबी ताजी मिळते, पण भाव खाण्याआधी विचारा.

मंगलाजोडी उलट टोकाला. भुवनेश्वरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, टांगीपासून आत वळायचं. पुरीला मुक्काम असेल तर चांगला वळसा पडतो, त्यामुळे एक रात्र गावातच राहिलेलं बरं. इथे समुद्र नाही, वाळू नाही, डॉल्फिन नाही. सरोवराच्या उत्तरेचा हा गोड्या पाण्याचा, दलदलीचा भाग. पाणकणसाच्या रानातून पाण्याच्या वाटा काढलेल्या, आणि त्यांतून चपटी नाव बांबूनं ढकलत नेतात. इंजिन नाही. मला तेवढंच पुरलं असतं.

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. धुकं होतं. पुढे वाटाड्या, मागे बांबू घेऊन नावाडी, मधे आम्ही तिघं. बांबू चिखलातून उपसताना ‘पचक्’ असा आवाज, मग टपटप थेंब, मग काही नाही. वाटाड्या कुजबुजत्या हिंदीत बोलत होता आणि सगळं ऐकू येत होतं. दहा-बारा फुटांवर जांभळी पाणकोंबडी देठ पायात धरून सोलत बसलेली, आमच्याकडे ढुंकून बघेना. थापटे चोच पाण्याला लावून चाळणी मारत फिरत होते. ती चाळण्याची चुरचुर ऐकू येते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मग काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांचा मोठा थवा उठला, डोक्यावरून वळला, आणि चादर झटकावी तसा आवाज झाला. तलवार बदकं, चक्रवाक, कमळपक्षी... यादी देत नाही, मोजणंही सोडून दिलं होतं. हिवाळ्यात अख्ख्या चिल्कात दहा लाखांहून जास्त पक्षी मोजले जातात आणि त्यांतला मोठा हिस्सा या दलदलीत उतरतो.

त्या वाटाड्याला पक्षी इतके नेमके कसे माहीत, याचं उत्तर जरा अवघड आहे. हे गाव एके काळी पक्षी मारण्यासाठीच प्रसिद्ध होतं. जाळी, विषारी आमिष, आणि पिशव्या भरून बाजारात विक्री. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निसर्गकार्यकर्ते नंदकिशोर भुजबळ गावकऱ्यांच्या मागे लागले, आणि २००० मध्ये श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. शिकारीच राखणदार झाले. आमच्या वाटाड्याचे वडील त्या जुन्या धंद्यातले. तो हे लपवत नव्हता, मिरवतही नव्हता. बदक कुठल्या वेळी कुठे उतरतं ते त्याला घरातूनच मिळालेलं.

आता उणी बाजू, म्हणजे मी पक्षपाती ठरायला नको. मंगलाजोडी हिवाळ्याचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून गेलात तर चिखल बघून याल, आणि मला शिव्या द्याल. सातपाडा बाराही महिने काही ना काही दाखवतं. मंगलाजोडीला सकाळची फेरी झाली की दिवसभर करायचं काय, हा प्रश्न उरतो. जेवण भात, डालमा (भाज्या घातलेली डाळ), भाजी, मासा, त्याहून जास्त निवड नाही. लहान मुलं तासाभरात ‘अजून किती?’ विचारायला लागतात. त्यांना वाळू आणि लाल खेकडे हवेत, आणि ते योग्यच आहे. गुडघे दुखणाऱ्यांना सखल नावेत दोन-तीन तास बसणंही जड जातं, पाठीला टेकायला उशी मागून घ्या.

म्हणून, मुलं बरोबर असतील, पुरीतच मुक्काम असेल, आणि समुद्र हवाच असेल, तर सातपाड्यालाच जा. अगदी पहिल्या बोटीनं जा, आणि नावाड्याला निघण्याआधीच सांगून ठेवा, की पाठलाग करायचा नाही, डॉल्फिन दिसला की इंजिन बंद. ऐकतात काही जण. पण एकच दिवस हाती असेल, महिना डिसेंबर-जानेवारी असेल, आणि भिगवणला पक्षी बघायला पहाटे उठून जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर मला वाटतं विचार करत बसू नये, मंगलाजोडीच.

बाबांचं मत वेगळं. डॉल्फिन ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, दर वेळी तो थोडा मोठा होतो. मंगलाजोडीबद्दल विचारलं तर म्हणतात, “भिगवणच की ते, जरा मोठं.” मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फेरीला जायचं का म्हणून मी त्यांच्या खोलीचं दार वाजवायला गेलो, तर खोली रिकामी होती. कानटोपी घालून, मफलर गुंडाळून, ते आधीच नावेत जाऊन बसले होते.