जुन्या गाण्यांसाठी होनर २७०: इंदूरच्या हवेत हा माउथ ऑर्गन कसा वागतो

'सोलवा साल' (१९५८) मधल्या 'है अपना दिल तो आवारा'चा माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला आहे आणि 'शोले'त (१९७५) जयच्या ओठी जो सूर ऐकू येतो तो भानू गुप्तांचा. हे ऐकून कुणी राजवाड्याजवळच्या दुकानात गेलं, की बहुतेक वेळा हातात येतो चोवीस भोकांचा ट्रेमोलो. त्यात प्रत्येक सुराला दोन रीड, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, असतात, एकमेकींपेक्षा किंचित चढ्या-उतऱ्या लावलेल्या, म्हणून सूर लाटेसारखा हलतो. फार गोड वाजतो, पण त्यात कोमल-तीव्र सूर नाहीत. ट्रेमोलोवाले त्यासाठी पांढरी एकचा आणि काळी एकचा (पेटीवरच्या अर्ध्या सुराच्या अंतरावरच्या पट्ट्या) असे दोन बाजे एकावर एक धरतात. हा सराव हाताला बसेपर्यंत बरेच महिने जातात. जुन्या गाण्यांचे मधले तुकडे नीट काढायचे असतील तर क्रोमॅटिकच, म्हणजे कोमल-तीव्र धरून सगळे सूर एकाच बाजावर देणारा, घ्यावा.

होनर क्रोमोनिका २७० हा बारा भोकांचा, अठ्ठेचाळीस रीडचा, तीन सप्तकांचा बाजा आहे. बाजूचं बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्या सुरानं चढतो. मांडणी अशी: पहिल्या भोकात फुंकलं की सा, ओढलं की रे. दुसऱ्यात ग आणि म, तिसऱ्यात प आणि ध. चौथ्यात फुंकलं की वरचा सा, ओढलं की नी. पाचव्यापासून हेच पुन्हा. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही भोकांत फुंकून एकच सा मिळतो. नव्या माणसाचा गोंधळ नेमका इथेच होतो: नी वाजवून रे कडे जाताना तो एक भोक कमी सरकतो आणि पुन्हा नीवरच येतो.

पेटी येत असेल त्याला या बाजाची खरी गंमत लवकर कळेल. बटणाला हात न लावता, नुसता सा बदलून, भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा मिळतात. पांढरी एकला सा धरला तर बिलावल, दोनला काफी, तीनला भैरवी, चारला कल्याण, पाचला खमाज, सहाला आसावरी. भैरवीची धून पांढरी एकवरून काढायला गेलं तर चार कोमल सुरांसाठी बोट सतत बटणावर नाचत राहतं. तीच धून दुसऱ्या भोकाच्या फुंकेपासून सुरू केली तर बटण लागतच नाही. गायकाची पट्टी काळी एक असेल तर बटण दाबूनच ठेवायचं. सगळी मांडणी तशीच राहते, आणि खालून कण (सुराआधीचा हलका स्पर्शसूर) घ्यायचा असेल तिथे क्षणभर सोडायचं.

श्वास वाचवायची सोयही याच बटणात आहे. दुसऱ्या भोकात बटण दाबून फुंकलं तर ग चा म होतो. चौथ्यात बटण दाबून ओढलं तर नी चा सा होतो. त्यामुळे 'रें सां नी ध' हा उतार एकाच ओढीत निघतो: पाचवं, चौथं बटण दाबून, चौथं बटण सोडून, मग तिसरं. प्रत्येक सुराला श्वास उलटवत बसलं तर हाच तुकडा तुटक ऐकू येतो, आणि ध्वनिफितीसारखा का वाजत नाही हे उमगत नाही.

मर्यादाही नीट माहीत हव्यात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, जवळजवळ नाही. सूर वाकवून थोडा खाली आणता येतो, वर नाही. दरबारीतला आंदोलित गंधार यावर शोधू नये. बेल्जियमच्या टूट्स थीलेमान्स (१९२२–२०१६) यांचं वादन लक्ष देऊन ऐका. सूर किंचित खालून उचलणं आणि हाताच्या ओंजळीनं आवाज उघडणं-मिटणं, एवढ्यावर ते किती भाव आणतात! शिकणाऱ्यानं घ्यावं ते हेच.

आता हवामान. २७० चं अंग पिअरवुडचं आहे, आणि इंदूर लाकडाची दोन्हीकडून परीक्षा घेतं. मे महिन्यात चाळीसच्या पुढे कोरडी लाही, जुलैत दमट. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फट पडते, हवा गळते. पावसाळ्यात ते फुगतं आणि रीडप्लेटवर, म्हणजे रीड बसवलेल्या धातूच्या पत्र्यावर, ताण येतो. गळती आधी पहिल्या तीन भोकांत जाणवते, कारण खर्जाच्या रीडना हवा जास्त लागते. तपासणी सोपी आहे. पहिल्या भोकात अगदी हलकं, आरशावर वाफ धरताना फुंकतो तितकंच फुंका. सूर लगेच उमटला तर बाजा घट्ट आहे. जोर लावावा लागला तर गळतोय. लाकडामुळे सूर गोड येतो असा पक्का समज आहे, पण सुरात जास्त फरक पडतो तो रीड, घट्टपणा आणि वरच्या झाकणांमुळे. रोज वाजवणारा, बाजा डबीत बंद ठेवणारा आणि कूलरसमोर न वाजवणारा असेल त्यानं २७० जरूर घ्यावा. महिन्यातून दोनदा हातात घेणाऱ्याला प्लॅस्टिक अंगाचा क्रोमॅटिक बरा. होनरचाच सीएक्स-१२ स्क्रू न काढता सुटा होतो, धुणंही सोपं.

थंडीत वेगळी अडचण. रीडच्या उलट बाजूला प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. धातू गार, श्वास गरम, म्हणून तिथे पाणी साचतं, पट्टी चिकटते आणि सुराबरोबर फर्र असा आवाज येतो. त्याआधीचा उपाय म्हणजे बाजा दहा मिनिटं खिशात किंवा काखेत धरून अंगाइतका कोमट करणं. फर्र फुंकताना येत असेल तर दोषी पट्टी बाहेरच्या बाजूला असते. झाकण काढून तिच्याखालून कागदाची कोरडी पट्टी हलकेच सरकवा. ओढताना येत असेल तर ती आतल्या बाजूला असते आणि त्यासाठी रीडप्लेट काढावी लागते. साध्या २७० मध्ये प्लेट खिळ्यांनी ठोकलेली असते, त्याच्याच डिलक्स प्रकारात स्क्रूनं बसवलेली. एवढ्या एका कारणासाठी डिलक्सचे जास्तीचे पैसे द्यावेत. ज्याला स्वतः दुरुस्ती करायची आहे त्यानं तर साधा घेऊच नये.

बटण अडकण्याचं मुख्य कारण म्हणजे तोंडातली साखर. सराफ्यावर (इंदूरच्या खाऊगल्लीत) जिलबी-रबडी झाली की पाण्यानं खळखळून चूळ भरल्याशिवाय बाजा ओठाला लावू नका. अडकलंच तर माउथपीसचे दोन्ही टोकांचे स्क्रू काढा. माउथपीस, त्याखालच्या पट्ट्या, स्लाइड (बटणाबरोबर सरकणारी पट्टी) आणि स्प्रिंग कोणत्या क्रमानं आणि कोणत्या बाजूनं होते त्याचा आधी फोटो काढा. स्लाइड उलटी बसली तर बटण न दाबताच चढे सूर वाजतात. धातूचे भाग कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुवा. लाकडाला पाणी लावू नका, तेल कुठेच नको. परत बसवताना स्क्रू हळूहळू आवळा. स्लाइड अडायला लागली की किंचित मागे फिरवा. त्याहून सैल ठेवलात तर हवा गळेल.

दुकानात घेताना बारा भोकं, फुंकून आणि ओढून, बटण सोडून आणि दाबून असे अठ्ठेचाळीस सूर एकेक वाजवून पाहा. दुकानदार तोंड लावू देत नसेल तर हवेच्या भात्यावर वाजवून दाखवायला सांगा. घाईनं दोन-चार भोकं वाजवून पैसे देऊ नयेत. बाराव्या भोकाकडे विशेष लक्ष द्या. तिथल्या बारीक रीड कमी हवेत बोलतात, म्हणून जोरानं फुंकलं की गप्प बसतात आणि बाजा बिघडलाय असं वाटतं. हलकं फुंकूनही बोलत नसतील तरच दुसरा नग मागा.