एनसीपीएतला सप्टेंबर सीझन: तिकीट कोणतं काढावं, बसावं कुठे

मुंबईच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) होणाऱ्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या सप्टेंबर सीझनचं तिकीट बहुतेकजण पाहुण्या सोलोइस्टचं, म्हणजे एकल वादकाचं, नाव पाहून काढतात. आमचा सल्ला उलटा आहे. आधी मध्यंतरानंतर कोणती सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) आहे ते बघा, मग पाहुणा कोण ते. परदेशातून आलेला नाणावलेला पियानिस्ट किंवा व्हायोलिनिस्ट आपलं काम चोख करून जातो. संध्याकाळ रंगते की नुसती पार पडते, हे त्याच्यामागे बसलेल्या वाद्यवृंदावर ठरतं.

हा वाद्यवृंद २००६ साली एनसीपीएचे खुशरू सुनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभा केला. मुंबईत कायम राहून वाजवणाऱ्यांचा गट लहान आहे. सीझनपुरती बरीच मंडळी बाहेरून येतात. याचा परिणाम कानाला स्पष्ट कळतो. व्हायोलिन ते डबल बास ही तंतुवाद्यांची फळी ऑर्केस्ट्राची खरी ताकद आहे: गज एका दमात फिरतात, हळू आवाजातही सूर भरीव राहतो. हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन यांना एकमेकांचा श्वास ओळखायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या मैफलीत त्यांची सुरुवातीची फेक कधीकधी किंचित मागेपुढे होते. एकाच मैफलीला जाणं शक्य असेल तर सीझनच्या उत्तरार्धातली निवडा. ब्राम्स, चायकोव्हस्की, द्वोर्झाक या संगीतकारांच्या सिंफनी असतील तर डोळे मिटून तिकीट काढा. महलर असेल तर पितळी वाद्यांची परीक्षा आहे हे धरून जा.

आता कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायची रचना. पाहुण्याची बोटं किती वेगाने पळतात यापेक्षा ऑर्केस्ट्रा त्याला कशी साथ करतो तिकडे कान द्या. बेथोव्हेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोची सुरुवात टिंपनीच्या (मोठ्या नगाऱ्यांच्या) चार एकट्या ठोक्यांनी होते, पाचव्यावर ओबो आणि बाकीची लाकडी फुंकवाद्यं येतात. हे चार ठोके वजनात आणि अंतरात तंतोतंत सारखे पडले, तर पुढची पाऊण तास लय सांभाळली जाणार असं खुशाल समजा. सोलोइस्ट त्यानंतर साधारण तीन मिनिटं नुसता उभा असतो. रखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोत गोष्ट वेगळी. पियानोचे घंटेसारखे आठ घनगंभीर स्वरमेळ संपले की मुख्य धून तंतुवाद्यांकडे जाते आणि पियानो खालून लाटा देत राहतो. कंडक्टरने इथे व्हायोलिनांना आवरलं नाही तर पियानिस्टचे हात हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. द्वोर्झाकच्या चेलो कॉन्चेर्तोत धोका आणखी मोठा, कारण एका चेलोसमोर तीन ट्रॉम्बोन आणि ट्युबा आहेत. तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे पहिला व्हायोलिनवादक आणि चेलो यांचा छोटा संवाद येतो, तो चुकवू नका.

मैफली जमशेद भाभा थिएटरात होतात. हे ऑपेरा डोळ्यासमोर ठेवून बांधलेलं प्रोसिनियम, म्हणजे चौकटीतल्या रंगमंचाचं, थिएटर. अशा रंगमंचाच्या वर पडदे ओढून घ्यायची उंच पोकळी असते; वाद्यवृंदामागे आणि डोक्यावर शेल (आवाज पुढे परतवणाऱ्या भिंती) उभारलं नाही तर आवाज त्या पोकळीत जिरतो. माइक कुठेच नसतो, त्यामुळे खुर्चीची निवड महत्त्वाची. पियानो असेल तर डावीकडे बसल्यावर हात दिसतात, पण झाकण प्रेक्षकांच्या दिशेने उघडतं आणि आवाज मध्यापासून उजवीकडे जास्त खुलतो. आम्ही हातांपेक्षा आवाज निवडू. पहिल्या चार-पाच रांगांत व्हायोलिनच ऐकू येतात, मागची लाकडी वाद्यं त्यांच्या आड लपतात. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगाही टाळा, तिथे गुंजन पोचत नाही. बाल्कनीच्या मधल्या पुढच्या रांगा सगळ्यात उत्तम, आणि तिथून ऑर्केस्ट्राची मांडणी नकाशासारखी दिसते.

सप्टेंबरात बाहेर दमट हवा आणि आत कडक एसी. थंडीने तारा आकसतात, त्यांचा सूर चढतो; त्याच थंडीत फुंकवाद्यांचा सूर उतरतो. म्हणून दोन रचनांच्या मध्ये पुन्हा सूर जुळवताना दिसले तर तो वेळकाढूपणा समजू नये. एरवी ओबो सूर देतो. पियानो असला की मात्र कॉन्सर्टमास्टर (पहिला व्हायोलिनवादक) उठून पियानोची एकच पट्टी दाबतो आणि सगळे त्याला मिळवून घेतात, कारण पियानोचा सूर ऐनवेळी बदलता येत नाही. शाल जवळ ठेवा. खोकल्याची गोळी आधीच वेष्टनातून काढून ठेवा.

दोन भागांच्या मध्ये टाळ्या नकोत, एवढं पुरे. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत तिसरा भाग दणक्यात संपतो आणि सभागृह हमखास फसतं. त्यानंतरचा संथ शेवट टाळ्यांच्या गलबल्यात सुरू झाला तर त्याची धार जाते. कॉन्चेर्तोनंतर मात्र टाळ्या लांबवा. सोलोइस्ट बहुधा एक छोटी एकट्याची रचना वाजवतो. नाट्यसंगीताचा 'वन्स मोअर' इथेही चालतो, फक्त तीच रचना पुन्हा मिळत नाही. कॉफीच्या रांगेसाठी आधीच उठणारे नेमकी हीच पाच मिनिटं घालवतात.

एक मागणी. झाकिर हुसेन यांच्याकडून या ऑर्केस्ट्राने 'पेशकार' हा तबला कॉन्चेर्तो लिहवून घेतला, २०१५ मध्ये तो वाजला आणि २०१९च्या ब्रिटन दौऱ्यातही नेला. एका सुरात लावलेला तबला आणि सतत स्वरस्थान बदलणारा वाद्यवृंद यांची सांगड घालणं अवघड काम आहे. अशी निदान एक नवी रचना प्रत्येक सीझनमध्ये हवी. रखमानिनॉव्ह जगात कुठेही ऐकता येतो.

तिकिटं एनसीपीएच्या खिडकीवर आणि ऑनलाइन मिळतात. सभासदांना आधी, म्हणून बाल्कनीचा मधला पट्टा लवकर संपतो. चर्चगेटहून शेअर टॅक्सी धरा आणि अर्धा तास हाताशी ठेवा. रचना सुरू झाल्यावर दारं उघडत नाहीत, आणि सुरुवातीलाच कॉन्चेर्तो असेल तर उशिरा येणाऱ्याचा पाहुणा हुकतो.