अ‍ॅरिझोनातलं बैठं घर आणि घोड्यांची जागा: आधी पाणी बघा

फिनिक्सच्या आसपास विक्रीला निघालेल्या बैठ्या घरांच्या जाहिरातीत 'हॉर्स प्रॉपर्टी' हे शब्द सढळ हाताने वापरतात. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच, की घोडे ठेवायला झोनिंगची (जमीन कशासाठी वापरता येते त्या नियमांची) आडकाठी नाही. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर तेही तिचे नियम वाचल्यावरच खरं मानावं.

कुटुंबासाठी घर म्हणून प्रकार उत्तम. जिने नाहीत, दारातून थेट अंगणात. छत मात्र चढून बघा. सपाट छतावरच्या फोमचा लेप उन्हाने झिजतो आणि दर काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो.

खरी परीक्षा पाण्याची. एक घोडा एरवी दिवसाला 20 ते 40 लिटर पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. बोअर असेल तर राज्याच्या जलसंपदा खात्याकडचा '55'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा, आणि पंप काही तास चालवून पातळी किती उतरते ते मोजायला लावा. बोअर सामाईक असेल तर करार लेखी हवा. घर टँकरच्या पाण्यावर असेल तर स्कॉट्सडेलजवळची रिओ व्हर्डे फूटहिल्स ही वस्ती आठवा: 1 जानेवारी 2023 पासून स्कॉट्सडेल शहराने टँकरना पाणी देणं बंद केलं आणि शेकडो घरं अडकली.

चकचकीत बंद तबेल्याचे जास्त पैसे देऊ नका. उन्हाळ्यात त्याची भट्टी होते. 24 बाय 24 फुटांचे पाइपचे कप्पे, वर पत्र्याची सावली, हे इथल्या हवेला मानवतं. चारा वाळूवर पडला की वाळू आतड्यात साचून पोटशूळ उठतो, म्हणून गव्हाणीखाली रबरी मॅट लागतेच. आडोशाला कण्हेर असेल (इथे सर्रास लावतात) तर ती मुळासकट काढण्याचा खर्च सौद्यातच धरा. मूठभर पानंही घोड्याचा जीव घेतात, वाळलेलीसुद्धा. लीद रोज घोड्यामागे वीसेक किलो. ती उचलून नेणारी गाडी आत वळते का, तेही बघा.

आवारातून कोरडा ओढा जात असेल तर पुराचा नकाशा काढा. जुलै-ऑगस्टच्या पावसात तो तासाभरात भरून वाहू शकतो, आणि स्वस्तातला तबेला नेमका त्याच्याच काठी बांधलेला असतो.

सेप्टिक टाकीची तपासणी विक्रीपूर्वीच्या सहा महिन्यांतली लागते. अहवालासोबत टाकीचं पाणी जिरवणाऱ्या नळ्यांचा आराखडाही घ्या. त्यांच्यावर घोडे फिरवायचं रिंगण केलेलं असेल तर टापांनी माती दबते, नळ्या फुटतात, आणि दुरुस्तीसाठी अख्खं रिंगण खणावं लागतं.